दोघांनीच महिनाभर परदेशी जायचंय? बेळगावहून निघण्याआधीची तयारी

आठ दिवसांच्या पॅकेज टूरला जाऊन आलेली जोडपी आता आपल्या प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहीत नाही. टूरवाला सकाळी उठवतो, बसमध्ये बसवतो, जेवायला घालतो, तिथे फारसं काही ठरवावं लागत नाही. हे लिहितेय ते महिना-दीड महिना, दोघांनीच, आपल्या हिमतीवर जाऊ पाहणाऱ्यांसाठी. २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही ३८ दिवस व्हिएतनाममध्ये राहून आलो. माझी शाळेतली नोकरी संपली होती आणि ह्यांचं उद्यमबागेतलं छोटं मशीन शॉप मुलाने हातात घेतलं होतं. तेव्हापासून शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणीहून ओळखीचे फोन करून विचारतात, "ताई, कसं केलासा सगळं?" म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते. तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे सलग चार दिवसही राहिलो नव्हतो. घरात सासूबाई, मुलं, जावा-नणंदा, येणारे-जाणारे. भांडण झालं तरी मध्ये कुणीतरी असायचं. सासूबाई "चहा टाक गं दोघांना" म्हणायच्या आणि विषय तिथेच मिटायचा. परदेशात मधलं माणूस नसतं. व्हिसा, तिकीट, पैसे हे कुणालाही जमतं. तयारी करायला लागते ती ह्या दुसऱ्या गोष्टीची, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करूया.

पासपोर्टच्याही आधी एक वही

दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचं न बघता तीन गोष्टी लिहायच्या. काय बघितल्याशिवाय परत यायचं नाही? काय अजिबात जमणार नाही? दिवसाला किती चालू शकतो? मग वह्या बदलायच्या.

ह्यांनी लिहिलं होतं रेल्वे. हनोई ते सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग, त्यातला मिळेल तेवढा प्रवास खिडकीत बसून करायचा. मी लिहिलं होतं, एका ठिकाणी पंधरा दिवस राहायचं, रोज नवी गादी नको. आणि माझ्या गुडघ्यांना चार किलोमीटरच्या वर झेपत नाही. ही शेवटची ओळ वाचून हे म्हणाले, "अगं, हे कधी बोलली नाहीस की." घरातल्या घरात सांगायची वेळच आली नव्हती. ही वही झाली नसती तर तिकिटं काढून झाल्यावर परदेशातल्या रस्त्यावर हे कळलं असतं.

घरचंही ह्याच वेळी ठरवा. म्हातारं माणूस असेल तर औषधं कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय तारीख धरू नका. मनात ती टोचणी घेऊन गेलेलं माणूस तिथे असून नसल्यासारखं असतं.

कागदातलं नाव

आपल्या भागात कागदांची एक वेगळीच गुंतागुंत असते. शाळेचा दाखला मराठी माध्यमातला, आधारवर नाव आधी कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत, त्यामुळे स्पेलिंग तिसरंच. बायकांचं माहेरचं नाव डिग्रीवर, सासरचं रेशनकार्डावर. कुणाच्या कागदावर आडनाव, तर कुणाच्या फक्त आद्याक्षर. शहराचं नावही १ नोव्हेंबर २०१४पासून अधिकृतपणे बदललं, त्यामुळे जुन्या पासपोर्टवर एक बेळगाव आणि नव्या कागदावर दुसरं.

उपाय एकच. पासपोर्ट हा मूळ कागद धरा. तिकीट, व्हिसा, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव अक्षरासकट तसंच लिहा. पासपोर्टवर माझ्या नावापुढे ह्यांचं नाव एकाच रकान्यात आहे, तर तिकिटावरही तसंच. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून पासपोर्ट काढू नका. एकाच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना काही देशांत प्रवेशाला अडचण येते.

नवीन पासपोर्टसाठी बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातल्या केंद्रात काम होतं, तिथे तारीख लवकर मिळाली नाही तर हुबळी. जुना असेल तर परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे का बघा. लग्नाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर आत्ताच काढून घ्या. आपल्या वयाच्या कितीतरी जोडप्यांकडे लग्नाची पत्रिका आहे, अल्बम आहे, पण नोंदणी नाही.

देश आणि महिना

महिनाभराच्या पहिल्या प्रवासासाठी युरोप धरू नका असं माझं मत आहे. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, पण ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंट्स, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, सगळं दाखवावं लागतं आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. अर्ज कुठल्या शहरात द्यायचा हे आपल्या पत्त्यावरून ठरू शकतं. आपला ओढा मुंबईकडे असतो, पत्ता मात्र कर्नाटकचा. म्हणून मुंबईची बस धरण्याआधी त्या देशाचा नियम वाचून घ्या.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या होतो. तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर माणशी २५ डॉलर, पुन्हापुन्हा करायचा असेल तर ५०. अर्ज फक्त त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर करा. तशाच दिसणाऱ्या बऱ्याच खाजगी साईट आहेत, त्या वरून पैसे घेतात. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी ते दोनदा तपासा. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी सगळं पुन्हा एकदा बघा.

महिना निवडताना देशाची लांबी लक्षात घ्या. फेब्रुवारीत उत्तरेला हनोईत बारीक पावसाची थंडी असते, आपला डिसेंबरातला स्वेटर तिथे लागतो. त्याच वेळी दक्षिणेला सायगावात घाम फुटतो. मधल्या किनाऱ्यावर, म्हणजे हुए, दा नांग, होई आनकडे, सप्टेंबर ते डिसेंबर मोठा पाऊस आणि पूर. त्यांच्या नववर्षाच्या, तेतच्या, आठवड्यात दुकानं बंद असतात आणि गाड्या भरलेल्या. २०२५मध्ये तेत २९ जानेवारीला होता. आम्ही १५ फेब्रुवारीला निघालो आणि गुढीपाडव्याच्या आत घरी आलो.

मुक्काम थोडे, दिवस जास्त

हनोई ७ रात्री, हुए ३, होई आन १६, दालात ७, सायगाव ५. झाले ३८. आधी माझ्या पुतण्याने करून दिलेल्या यादीत अकरा गावं होती. ती आम्ही खोडली, आणि त्या खोडण्याने प्रवास वाचला. हिशोब सोपा आहे. गाव बदलायचा दिवस म्हणजे बॅग भरणं, स्टेशन, नवी खोली, नवा रस्ता, आणि संध्याकाळी दोघंही चिडलेले. अकरा गावं म्हणजे असे अकरा दिवस.

दीर्घ मुक्कामाच्या जागी छोटं स्वयंपाकघर आणि बसायला दोन वेगळ्या जागा असलेली खोली घ्या. एक पलंग आणि एक खुर्ची एवढ्यात सोळा दिवस काढू नका. एकाला झोपायचं असतं तेव्हा दुसऱ्याने बसायचं कुठे? आधी दोन-तीन रात्रींचंच आरक्षण करा. जागा पटली तर तिथेच बोलून वाढवून घ्या, भाडंही कमी होतं.

सांबऱ्याहून पुढे

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. मुंबई, बंगळूर, हैदराबाद किंवा चोर्ला घाटातून गोवा, ह्यातलं एक निवडावं लागतं. व्हिएतनामला आम्हाला मुंबई सोयीची पडली. बेळगाव-मुंबई आणि मुंबईच्या पुढचं विमान अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून एक दिवस आधी पोचा आणि नातेवाइकांकडे झोपा. रात्रीच्या बसने जाऊन त्याच दिवशी विमान धरायचं धाडस साठीला आलेल्या जोडप्याने करू नये.

पैसे

यूपीआयच्या सवयीवर तिथे विसंबू नका. डॉलर अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून पासपोर्ट, तिकीट, व्हिसा दाखवून घ्या. रोख चलन एका प्रवासात माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, बाकीचं कार्डावर. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या मागून घ्या. जरा डाग असला तरी तिकडे घेत नाहीत किंवा भाव कमी देतात. कार्डाचं यंत्र "रुपयांत की डाँगमध्ये" असं विचारेल, तेव्हा नेहमी तिथलं चलन निवडा. रुपये निवडलं की भाव यंत्रवाला ठरवतो.

एका रुपयाला साधारण ३०० डाँग होतात, त्यामुळे शून्यं बघून डोकं गरगरतं. २०,०००ची नोट आणि ५,००,०००ची नोट, दोन्ही निळ्या. हनोईत शहाळं घेताना ह्यांनी वीस हजार समजून पाच लाखांची नोट दिली. त्या बाईने हात धरून नोट परत हातात ठेवली आणि दुसरी मागून घेतली. त्याच रात्री आम्ही मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात काढल्या. तुम्ही पहिल्याच दिवशी काढा.

पैसे दोघांकडेही हवेत. आपल्याकडे बऱ्याच घरांत पाकीट नवऱ्याकडे असतं. परदेशात चुकामूक झाली तर बायकोकडे टॅक्सीपुरते पैसे, स्वतःचं कार्ड, स्वतःचा चालू फोन आणि खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंग चालू करून फोनमध्ये ठेवा आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम घ्या.

पोटाची सोय

आम्ही शाकाहारी. तिथे साध्या भाजीतही माशांच्या पाण्याचा सॉस पडतो. एक शब्द पाठ करून जा, "आन चाय", म्हणजे शाकाहारी खाणं. (इथे चाय म्हणजे चहा नव्हे.) खानावळीच्या पाटीवर "चाय" दिसलं की बिनधास्त आत जा. बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, बरेच जण शाकाहार पाळतात, त्या दिवशी असल्या खानावळींत गर्दी आणि पदार्थही जास्त. आमच्या एकादशीसारखंच हे, असं मला वाटलं आणि परकेपणा जरा कमी झाला.

बरोबर काय न्यावं? कडक भाकरी. महिनाभर टिकते, वजन नाही, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कुठल्याही खोलीत जेवण होतं. कारळ्याची चटणी, मेतकूट, पोहे, थोडी कांदा-लसूण चटणी. सुकं खोबरं वाटीचं नेऊ नका, विमानात चालत नाही. कुंदा न्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण युरोपला जाणाऱ्यांनी तो टाळावा, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी खसखस लावलेले अनारसे आणि खसखस घातलेला गोकाकचा करदंट घरीच ठेवा. खसखस तिथे अमली पदार्थांच्या यादीत आहे, त्यात अडकलेल्या माणसाला फार त्रास होतो.

रोजची औषधं पूर्ण दिवसांची अधिक आठवड्याची जास्त, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत. विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका.

पहिले तीन दिवस

काहीही बघायला जाऊ नका. जवळची खानावळ, औषधाचं दुकान, पाण्याच्या बाटल्या कुठे मिळतात, एवढंच शोधा. हनोईचे रस्ते ओलांडायला शिका. मोपेडींचा लोंढा थांबत नाही, आपण एका संथ चालीने जायचं, मध्ये थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, ते आपल्याला चुकवून जातात. पहिल्या वेळी ह्यांनी माझा हात घट्ट धरला. खडेबाजारात तीस वर्षं आम्ही चार पावलं मागे-पुढे चालत आलो होतो. नंतर रस्ता रिकामा असला तरी हात तसाच राहायला लागला.

स्कूटर भाड्याने घेऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना व्हिएतनामला मान्य नाही, म्हणजे अपघात झाला तर विमाही गेला. होई आनमध्ये सायकल पुरते.

अकरावा दिवस

ह्याच्यावर जरा थांबते. मी नंतर लांब राहून आलेल्या दोन-तीन जोडप्यांशी बोलले, त्यांचंही दहा-बारा दिवसांनी बिनसलं होतं. नवलाई संपलेली असते, थकवा साठलेला असतो आणि घर अजून लांब असतं.

आमचं हुएच्या स्टेशनावर झालं. ह्यांना गाडीआधी राजवाड्याचा राहिलेला भाग बघायचा होता, माझे गुडघे सुजले होते. मी म्हटलं, "अहो, बसा की जरा." हे म्हणाले, "बसायला बेळगावात जागा नव्हती काय?" मग मीही दहा वर्षांपूर्वीचं काढलं. हुएहून दा नांगला जाणारी गाडी हाय व्हान घाटातून समुद्राच्या कडेकडेने जाते. लोंढ्याहून दूधसागरकडे उतरताना जसं दरीकडे बघत राहावंसं वाटतं, तशी ती वाट आहे. आम्ही अडीच-तीन तास एकमेकांशी बोललो नाही. ह्यांच्या वहीतली पहिली ओळ होती ती, आणि ती तशी गेली. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. मि सॉनला जायचं आधीच ठरलं होतं, होई आनपासून गाडीने साधारण चाळीस किलोमीटर. चंपा ह्या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून शंकराची देवळं बांधली. १९६९च्या बॉम्बहल्ल्यात बरीच पडली, अलीकडे त्यातल्या काहींची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली, आणि त्या कामात २०२०मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. इकडे कपिलेश्वरला रांगा लागल्या असतील आणि तिथे आम्ही विटांच्या पडक्या गाभाऱ्यासमोर बसलो होतो, बेलाचं पानही जवळ नव्हतं. हे म्हणाले, "काल माझं चुकलं." मी म्हटलं, "माझंही." त्या पायरीवर बसून आम्ही पुढच्या सव्वीस दिवसांचे नियम केले. ते जसेच्या तसे देते, कारण त्यानंतर एकदाही तसा अबोला झाला नाही.

आठवड्यात दोन दिवस सुट्टीचे. त्या दिवशी काही बघायचं नाही. कपडे धुणं, वाचणं, झोपणं.

बाकीच्या दिवशी एक दिवस ह्यांचा, एक माझा. ज्याचा दिवस त्याने ठरवायचं, दुसऱ्याने सोबत करायची नाहीतर सरळ "आज मी येत नाही" म्हणायचं. तोंड पाडून यायचं नाही.

रोज दोन तास वेगळे. हे मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बघत नदीकाठी जायचे, मी कंदील करणाऱ्या बाईच्या दुकानात बसायचे. भाषा येत नसतानाही तिने मला बांबूच्या काड्यांवर रेशीम ताणायला शिकवलं. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. चोवीस तास एकत्र असलेल्या माणसांना एकमेकांना सांगायला काही उरत नाही, हे मला तिथे कळलं.

भूक लागलेली असताना आणि बॅग हातात असताना कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. आधी खायचं.

घरी फोन एकदाच, तिथल्या रात्री आठला, म्हणजे बेळगावच्या साडेसहाला. ह्याआधी हे दिवसातून चार वेळा शॉपमध्ये फोन करत आणि दर फोननंतर तासभर तिथेच असत. मुलाने सांगितलं, "बाबा, काही अडलं तर मी करतो की." आणि त्याला खरंच काही अडलं नाही.

एकाला ताप आला तर दुसऱ्याने खोलीतच बसून राहायची गरज नसते, हेही आधी बोलून ठेवा. दालातला मला दोन दिवस कणकण होती. मी झोपले, हे खाली जाऊन भात आणि सूप आणायचे. ह्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी ताट वाढलं ते तिथे.

परत येताना

उरलेले डाँग तिथल्या विमानतळावरच बदला, बेळगावात ते कुणी घेणार नाही. विमान, राहणं, खाणं, व्हिसा, विमा धरून आमचा दोघांचा खर्च अडीच लाखांच्या आत बसला. रोजचा खर्च वहीत लिहिला होता म्हणून सांगता येतो, तुम्हीही लिहा. परतल्यावर किमान दोन दिवस कुणाला आल्याचं कळवू नका. कपडे धुवा, झोपा. मग सासूबाईंजवळ बसा आणि आधी त्यांना फोटो दाखवा. त्या महिनाभर वाट बघत असतात. बाकीचे पाहुणे पाडव्यानंतर आले तरी चालतं.